मीठ हाडापर्यंत केव्हा पोचते?

अमेरिकेतील केंटकी राज्यात, लुइव्हिल शहरी, दर वर्षी ऑगस्ट महिन्यात मोठी जत्रा भरते. गुरे, घोडे, मका, गोधड्या अशा नाना स्पर्धांबरोबर तेथे खारवलेल्या हॅमचीही स्पर्धा असते. परीक्षक ओळीने मांडलेल्या हॅमचा आकार पाहतो, रंग पाहतो, आणि मग एक बारीक सळई घेऊन ती आत, थेट हाडाच्या लगत खुपसतो. सळई बाहेर काढली की तो ती नाकाशी धरतो. पहिल्या आलेल्या हॅमचा लिलाव १९६४ सालापासून होत आला आहे. २०२३ साली त्यात एक कोटी डॉलरची बोली लागली. हा पैसा धर्मादाय कामांना जातो.

आपल्याला लिलावाशी कर्तव्य नाही. आपल्याला प्रश्न पडावा तो सळईबद्दल. एवढी मोठी मांडी समोर असताना परीक्षक नेमका हाडाजवळचाच वास का घेतो?

हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, केंटकी आणि मिझुरी या राज्यांत ती अख्खी, हाडासकट, कोरड्या मिठात मुरवतात आणि महिनोन् महिने टांगून ठेवतात. त्याला तिकडे ‘कंट्री हॅम’ म्हणतात. आपण गावठी हॅम म्हणू. बाजारात याहून स्वस्त असा दुसरा हॅमही मिळतो. त्यात सुयांनी खारे पाणी टोचलेले असते, तो एकदोन दिवसांत तयार होतो आणि त्याचे वजन कमी होण्याऐवजी बहुधा वाढते. या लेखात त्याचा विचार नाही.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हा पदार्थ कधी येणार नाही. त्यांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवल्यावर बरणीत जे घडते, किंवा कोकणात खाऱ्या बांगड्यात जे घडते, तेच हॅममध्ये घडते. फरक आहे तो जाडीचा, आणि या एका फरकामुळे सगळी कहाणी बदलते.

मांसाच्या पृष्ठभागावर मीठ चोळले की ते तेथल्या ओलाव्यात विरघळते. बाहेर मीठ दाट आणि आत विरळ, म्हणून मिठाचे आयन आतल्या बाजूला सरकू लागतात. याला आपण विसरण म्हणतो. त्याच वेळी आतले पाणी परासरणाने बाहेर येते आणि टपकू लागते. विसरणात कोणी कोणाला ढकलत नाही. प्रत्येक आयन दिशाहीन भटकत असतो. दाट भागातून विरळ भागाकडे भटकणारे संख्येने जास्त, एवढेच. अशा भटकण्याचा एक नियम आहे. दुप्पट अंतर जायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

आता आकडे घालून पाहू. थंड मांसात मिठाचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे ०.०००००४ चौरस सेंटीमीटर असतो. अंतराच्या वर्गाला या गुणांकाने भागले की लागणाऱ्या वेळेचा ठोकळ अंदाज मिळतो. चिरून उघडलेल्या बांगड्याला दोन्ही अंगांनी मीठ लावले, तर मिठाला जेमतेम अर्धा सेंटीमीटर आत जायचे असते. ०.२५ भागिले ०.०००००४ म्हणजे ६२,५०० सेकंद, सुमारे १७ तास. आज दुपारी खारवलेला मासा उद्या सकाळी आतपर्यंत खारट झालेला असतो. हॅमचे हाड पृष्ठभागापासून ५ सेंटीमीटर आत आहे असे धरा. अंतर दहापट, म्हणून वेळ शंभरपट. उत्तर येते ७२ दिवस!

आणि प्रत्यक्षात काम याहून अवघड असते. मांडीच्या एका बाजूला कातडे आणि त्याखाली चरबीचा जाड थर असतो. त्यातून मीठ जवळजवळ शिरतच नाही. ते शिरते उघड्या मांसाच्या बाजूने. म्हणून मुरवणारे लोक मीठ त्या बाजूला भरपूर घालतात आणि नळीच्या टोकाशी, जिथे हाड दिसते तिथे, बोटाने दाबून भरतात.

आता परीक्षकाची सळई तुमच्या ध्यानात आली असेल. हाडाजवळ मीठ सर्वांत शेवटी पोचते. तोपर्यंत तेथले मांस अळणी आणि ओले असते आणि जीवाणूंना ते मोकळे रान असते. मीठ बाहेरून निघाले आहे आणि जीवाणू आत वाढू पाहत आहेत, अशी ही शर्यत आहे. जीवाणूंची संख्या अनुकूल उबेत तासाभरातही दुप्पट होऊ शकते आणि मिठाला तर महिने हवेत. मग मीठ जिंकते कसे?

याचे उत्तर थंडीत आहे. उष्णतेचे वहनही याच वर्गाच्या नियमाने चालते, पण मांसात उष्णतेचा गुणांक मिठाच्या गुणांकाच्या सव्वातीनशे पट आहे. त्यामुळे ज्या ५ सेंटीमीटरसाठी मिठाला ७२ दिवस लागतात, त्यातून उष्णता पाचसहा तासांत बाहेर पडते. सारे काम एका समीकरणाचे! मांडी आधी थंड करायची, जीवाणूंना पेंगुळवून ठेवायचे, आणि त्या अवधीत मिठाला सावकाश चालू द्यायचे. यंत्रे नव्हती तेव्हा या राज्यांतले शेतकरी डुकरे डिसेंबर-जानेवारीत मारत, ते यासाठीच. हवा शून्याच्या फार खाली गेली तर मांस गोठते आणि मिठाची वाट जवळजवळ बंद होते. फार उबदार झाली तर हाडाजवळ मांस आंबते. २ ते ४ अंश सेल्सियस हा पट्टा सोयीचा. आज हे काम शीतगृहात होते.

मीठ किती दिवस लावून ठेवायचे, यासाठी तिकडे दोन जुने ठोकताळे आहेत. पहिला, जाडीच्या दर इंचाला ७ दिवस. दुसरा, वजनाच्या दर पौंडाला दीड दिवस. ६ इंच जाडीची आणि २८ पौंडांची मांडी घेतली तर दोन्हींचे उत्तर ४२ दिवस येते. पण त्याच आकाराची ७ इंच जाड मांडी घ्या. पहिला ठोकताळा ४९ दिवस सांगतो. वजन जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढून साडेचव्वेचाळीस पौंड होते, म्हणून दुसरा सांगतो ६७ दिवस. आणि आपला वर्गाचा नियम सांगतो ५७ दिवस, म्हणजे बरोबर दोहोंच्या मध्ये. एक ठोकताळा जाडीच्या पहिल्या घातावर बसवलेला, दुसरा तिसऱ्या घातावर, आणि निसर्ग दुसऱ्या घाताने चालतो. नेहमीच्या मापाच्या मांड्यांना दोन्ही चालून जातात. अगदी मोठी मांडी मात्र इंचाच्या हिशेबाने मुरवली तर तिच्या हाडाशी मीठ कमी पडण्याची भीती राहते.

अमेरिकेच्या कृषी खात्याने या शर्यतीला कायद्याची चौकट घातली आहे. ‘कंट्री हॅम’ हे नाव लावायचे असेल तर मीठ मुरणे आणि आत सारखे पसरणे याला मिळून किमान ४५ दिवस, सुकवण्यासह एकूण किमान ७० दिवस, वजनात किमान १८ टक्के घट आणि आतल्या भागात किमान ४ टक्के मीठ, असे त्याचे नियम आहेत. धुरी देताना किंवा सुकवताना आतले तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही. मात्र नैसर्गिक हवेत टांगलेल्या हॅमला या शेवटच्या अटीतून सूट आहे. ही सूट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

हा कायदा किमान मर्यादा सांगतो. ती सर्वांनी पाळली तरी निरनिराळ्या उत्पादकांचे हॅम एकमेकांपासून चांगलेच वेगळे असतात. कसे, ते पाहू.

व्हर्जिनियातल्या स्मिथफील्ड गावचे नाव या धंद्यात सर्वांत जुने. १९२६ साली त्या राज्याने कायदाच केला, की भुईमुगाच्या प्रदेशात वाढलेल्या, शेंगा खाल्लेल्या डुकरांचा आणि त्या गावाच्या हद्दीत मुरवलेला हॅमच अस्सल स्मिथफील्ड म्हणवला जाईल. शेंगांची अट १९६६ साली गेली. गावाची आणि किमान सहा महिने मुरवण्याची राहिली. शेंगांना एवढे महत्त्व का? डुकराचे पोट गाईसारखे चार कप्प्यांचे नाही. ते जी चरबी खाते ती फारसा बदल न होता अंगावर चढते. शेंगदाण्याचे तेल आपल्या घरात बाटलीत पातळच राहते. त्यावर पोसलेल्या डुकराची चरबीही मऊ, कमी तापमानाला वितळणारी होते आणि जिभेवर लवकर विरघळते. म्हणून एका उत्पादकाचा हॅम दुसऱ्याहून ‘रसाळ’ लागला, तर त्यात मुरवणाऱ्याचे कसब किती आणि डुकराच्या चाऱ्याचा वाटा किती, हे चवीवरून सांगणे कठीण असते.

टेनेसीतल्या मॅडिसनव्हिलचा कारखाना अगदी वेगळ्या धाटणीचा. एका दूधवाल्या शेतकऱ्याने १९४७ साली सुरू केलेला हा धंदा ॲलन बेंटन यांनी १९७३ साली हाती घेतला. त्याआधी ते शाळेत विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याची नोकरी करीत होते. त्यांच्या हॅमची ओळख म्हणजे हिकरीच्या लाकडाची दाट धुरी. धुरातले फिनॉल वर्गातले पदार्थ पृष्ठभागावर बसतात. ते जीवाणूंना आणि बुरशीला आवरतात आणि चरबी खवट होऊ देत नाहीत. पण धूर फार आत जात नाही. हाडाजवळच्या मांसाला धुराचे संरक्षण नसते, ते मिठानेच करायचे. नॉर्थ कॅरोलायनात तर पुष्कळ हॅम धुरीशिवायच तयार होतात.

केंटकीतल्या प्रिन्स्टन गावच्या न्यूसम घराण्याची रीत याहून जुनी. तेथे हॅम मोसमी हवेत टांगतात, यंत्राने तापमान राखत नाहीत. वर सांगितलेली सूट अशा उत्पादकांच्या उपयोगाची. हिवाळ्यात मीठ मुरते, वसंतात ते आत सारखे पसरते, आणि मग येतो उन्हाळा. तेव्हा चरबी पाझरू लागते. तिकडचे लोक म्हणतात, हॅमला घाम आला.

या उन्हाळ्याचे मोल समजले तर हॅमची तुलना कशी करावी हेही समजते. मांसात मुळातच विकरे असतात. प्राणी मेल्यावरही ती काम करीत राहतात आणि प्रथिनांचे लांब रेणू तोडून लहान तुकडे आणि अमिनो आम्ले बनवतात. मुरलेल्या हॅमची चव मुख्यतः यांची. फार मुरलेल्या हॅमच्या कापात पांढरे कण दिसतात, ते मिठाचे नसून टायरोसीन या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात. आता अशा रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. म्हणजे १० अंशांच्या खोलीत चार महिन्यांत जेवढे काम होईल, तेवढे ३० अंशांच्या केंटकीच्या उन्हाळ्यात एका महिन्यात उरकेल. उत्पादक पिशवीवर ‘१२ महिने मुरवलेला’ असे अभिमानाने छापतात. माझ्या मते हा आकडा निम्माच अर्थाचा आहे. कोणत्या तापमानाला, ते सांगितल्याशिवाय दोन हॅमच्या महिन्यांची तुलना करणे म्हणजे एकाची उंची फुटांत आणि दुसऱ्याची मीटरमध्ये घेऊन नुसते आकडे ताडून पाहणे.

तरी महिने फुकट मिळत नाहीत हेही खरे. जानेवारी २०१६ मध्ये व्हर्जिनियातल्या सरी गावचा एडवर्ड्स कुटुंबाचा हॅमचा कारखाना आगीत जळाला. इमारत पुन्हा बांधता येते, यंत्रे विकत घेता येतात. पण वर्ष-दीड वर्ष टांगलेला माल जळाला की तसा माल पुन्हा हाती यायला वर्ष-दीड वर्षच जावे लागते.

मग प्रयोगशाळेत तुलना करायची तर काय मोजावे? वजनाची घट मोजणे सोपे. मीठही सोपे, सिल्व्हर नायट्रेट घातले की क्लोराइडचा पांढरा साका बसतो, हे तुम्ही शाळेत पाहिले असेलच. पण हॅम टिकेल की नाही हे ठरवणारी खरी राशी तिसरीच आहे. तिला जल-क्रियाशीलता म्हणतात. हॅमचा तुकडा एका बंद डबीत ठेवा आणि डबीतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता स्थिर झाल्यावर मोजा. ती ९० टक्के आली तर जल-क्रियाशीलता ०.९०. शुद्ध पाण्याची १, ताज्या मांसाची ०.९९ आणि मिठाच्या संपृक्त द्रावणाची ०.७५. जीवाणूंना पाणी ‘किती आहे’ याच्याशी फारसे देणेघेणे नसते, ते ‘किती मोकळे आहे’ याच्याशी असते. बॉट्युलिझम हा जीवघेणा विषबाधेचा रोग घडवणारा जीवाणू सुमारे ०.९४ च्या खाली वाढत नाही. त्याला हवा नकोच असते, म्हणून हाडाजवळची जागा त्याच्या सोयीची. अन्नविषबाधा करणारा स्टॅफिलोकॉकस ०.८६ पर्यंत तग धरतो.

हा आकडा कागदावरही काढता येतो. सुकलेल्या मांसाच्या एका तुकड्यात ४० ग्रॅम पाणी आणि ६ ग्रॅम मीठ आहे असे धरा. पाण्याचे २.२२ मोल, मिठाचे ०.१०३ मोल. मिठाच्या प्रत्येक रेणूमागे दोन आयन, म्हणून ०.२०५ मोल. पाण्याचा वाटा २.२२ भागिले २.४२५, म्हणजे ०.९२. प्रथिनेही थोडे पाणी धरून ठेवतात, त्यामुळे खरा आकडा यापेक्षा जरा खाली असतो. यावरून दिसेल की नुसते मीठ वाढवून किंवा नुसते सुकवून भागत नाही. पाणी जाते तसे उरलेले द्रावण दाट होते आणि दोन्हींचा परिणाम एकत्र होतो. स्मिथफील्डच्या संग्रहालयात १९०२ साली मुरवलेला एक हॅम ठेवलेला आहे. त्याच्या मालकाने त्याला पितळी पट्टा घातला होता आणि तो प्रदर्शनांतून मिरवला होता. शतकाहून अधिक काळ तो सडला नाही यात चमत्कार काही नाही. जीवाणूंना लागणारे मोकळे पाणी त्यात उरलेलेच नाही.

रंगाबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण ग्राहक आधी रंग पाहतो. जुन्या पाककृतींत १०० पौंड मांसाला ८ पौंड मीठ, २ पौंड साखर आणि २ औंस सोरा असे प्रमाण सापडते. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, शोभेच्या दारूतला. त्यापासून नायट्राइट आणि पुढे नायट्रिक ऑक्साइड होतो, तो मांसातल्या मायोग्लोबिनच्या लोहाला चिकटतो आणि लाल-गुलाबी रंग पक्का करतो. इटलीतल्या पार्मा गावचा हॅम मात्र नुसत्या मिठाचा, तरीही लाल! तेथे महिन्यांच्या मुरण्यात लोहाच्या जागी जस्त येऊन बसते, हे या शतकाच्या सुरुवातीला उलगडले. तेव्हा दोन लाल हॅम एकाच कारणाने लाल असतील असे समजू नये.

मुरवणाऱ्यांना आणखी एक शत्रू आहे. हॅमवर डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक कोळीवर्गीय किडा जमतो. जितका काळ जास्त टांगाल तितका त्याचा धोका जास्त. पूर्वी खोली बंद करून मिथिल ब्रोमाइड वायू सोडीत. पण हा वायू ओझोनचा थर खातो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत गेला. अमेरिकेतल्या हॅमवाल्यांना मिळालेली सवलतही २०१६ नंतर संपली. आता प्रॉपिलीन ग्लायकॉल लावलेल्या जाळीत हॅम गुंडाळण्याचे उपाय पुढे आले आहेत. जास्त मुरवावे तर किडा, कमी मुरवावे तर चव नाही, असा हा पेच आहे.

चवीने तुलना करायचीच असेल तर ती करण्याचीही रीत आहे. एकाच हॅमचा बाहेरचा स्नायू कोरडा आणि हाडाजवळचा ओलसर असतो, म्हणून सर्वांचे काप एकाच जागचे हवेत. कापांवर नावाऐवजी आकडे घालावेत. मिठाने जीभ लवकर बधिर होते. मध्ये पाणी आणि पाव घ्यावा, आणि प्रत्येक चाखणाऱ्याला क्रम वेगळा द्यावा. नाहीतर पहिला काप नेहमीच सर्वांत खारट ठरायचा.

शिजवण्यापूर्वी तिकडच्या गृहिणी हॅम पाण्यात भिजवतात, खारटपणा कमी व्हावा म्हणून. येथेही तेच समीकरण, आता उलट्या दिशेने. २४ तासांत मीठ किती खोलीवरून बाहेर येईल? ०.०००००४ गुणिले ८६,४००, आणि त्याचे वर्गमूळ. उत्तर ०.५९ सेंटीमीटर. म्हणजे अख्खा हॅम दिवसभर भिजवला तरी बाहेरचा सहा मिलिमीटरचा थर तेवढा सौम्य होतो, आतला खारटपणा जसाच्या तसा. पाच मिलिमीटरचे काप करून भिजवले तर चारपाच तासांत काम होते.

मांसाचे प्रयोग घरी करू नका. हाडाजवळची शर्यत हरली तर ती उघड्या डोळ्यांना दिसत नाही. पण वर्गाचा नियम स्वतः पाहायचा असेल तर चायना ग्रास उकळून परीक्षानळीत जेली जमवा. तिच्यावर बोटभर निळी शाई ओता, तोंडाला प्लॅस्टिकचा कागद बांधा आणि नळी थंड जागी उभी ठेवा. शाई जेलीत किती खोल उतरली ते १ दिवसाने, ४ दिवसांनी आणि ९ दिवसांनी पट्टीने मोजून लिहून ठेवा. तिन्ही आकड्यांचे प्रमाण १ : २ : ३ येते का ते पाहा, आणि त्या हिशेबाने ५ सेंटीमीटर उतरायला किती दिवस लागतील ते काढा.